एकशे आठच्या पुढे

दिवाळीचे डबे रिकामे झाले तेव्हा
मागीलदारी चार फूट जागा आखली.
जुनी न्हाणी पाडल्यापासून जांभ्याचे चिरे पडून होते,
ते रचले, सांध्यांत मुद्दाम फटी सोडत.
गवंड्याने पाहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या.

कुमुद म्हणाली, "गायरी म्हणा की सरळ.
कंपोस्ट म्हटल्याने वास बदलतो का?"

तळाला नारळाची सोडणं, पालथी.
त्यावर फणसाचा पातेरा, आंब्याचा पातेरा,
सुपारीची विरी कोयत्याने तोडून,
बंबातली राख सूपभर,
गोठ्यातलं शेण दोन घमेली, उधार.
आणि असगोलीची भागी पाटी उतरवता उतरवता म्हणाली,
"कंपाउंडर, डोकी घ्याल का डोकी?
मांजरं पन खात नाय एवढी."
घेतली.

पहिले पंधरा दिवस नुसती फजिती.
माश्या. चिकट काळं पाणी.
गडग्यापलीकडून रिसबूड खाकरले.
रिसबूडांचं खाकरणं म्हणजे लेखी निवेदन.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
मी अडुसष्टचा.

मग कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढून पिळलं.
धार लागली.
दोन थेंब यायला हवेत, धार नव्हे.
हे कुणी शिकवलेलं नाही,
खलात मलम घोटता घोटता हाताला कळलेलं.
सगळं उपसलं. कोरडा पातेरा पाच पाट्या.
डोकी खोल मधोमध पुरली,
वर पुन्हा राख.

पौषातल्या एका पहाटे
ढिगातून वाफ निघत होती.

देव्हाऱ्याखालच्या खणात थर्मामीटर आहे,
सरकारी नव्हे, माझ्या पैशांचा.
काठीला सुतळीने बांधून आत खुपसला.
एकशे दोन. एकशे पाच.
एकशे आठला पारा टेकला,
पुढे काचेत जागाच नव्हती.
"आता काय," कुमुद दारातून,
"मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायच्या?"

अडतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत
मी ताप उतरवण्याच्या बाजूने होतो.
पुड्या बांधल्या, लाल औषध ढवळलं,
बाटल्यांना कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली,
एक खाच सकाळी, एक रात्री.
चढू दे, असं कधी म्हणालो नव्हतो.
त्या पहाटे म्हणालो, हळूच,
रिसबूडांना ऐकू जाऊ नये इतपत.

हेदवीहून एकदा मासळीच्या टेम्पोतून एक मुलगी आणली होती.
रात्रभर एकशे पाच.
पहाटे ताप उतरला,
आणि उतरतच राहिला.
उतरला म्हणून तिच्या आईने मला हात जोडले होते.
मी त्या वेळी बाटली विसळत होतो.
विसळत राहिलो.

म्हणून फाल्गुनात ढीग गार लागला
तेव्हा आधी पोटात खड्डाच पडला.
कुदळ न घेता हातानेच उकरलं.
काळं, भुसभुशीत,
वास कसला म्हणावा, पेरणीआधीच्या शेताचा.
डोकी नाहीत. काटे नाहीत.
ढोमीच्या डोक्यातले दोन पांढरे खडे तेवढे,
एक सोडण जशीच्या तशी, हट्टी,
आणि सफरचंदावरचा स्टिकर, नवाकोरा.

भागी रिकाम्या पाटीत भरून घेऊन गेली,
थर्माकोलच्या खोक्यात तिने कढीपत्ता लावलाय.
परवा रिसबूड खाकरले.
पाहतो तर गडग्यावर घमेलं ठेवलेलं.
दिलं.

ढोमीचे खडे खिडकीत ठेवलेत.
थर्मामीटर धुऊन परत खणात,
पारा अजून एकशे आठवर.
कुमुद म्हणते, झटका की तो, बरं दिसत नाही.
झटकीन.
आज नको.
आज चिऱ्यांच्या दुसऱ्या चौकोनात
सकाळच्या चहाचा चोथा टाकलाय,
अजून ऊन आहे.